चिलखताची वादी

लॅटिन भाषेत चिलखताला 'लोरिका' म्हणतात. सेमिनरीत हा शब्द माझ्या कानी प्रथम पडला तो संत पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाचा अभ्यास करताना. शिकविणारे वृद्ध फादर जाता जाता म्हणाले, की 'लोरिका' हा शब्द 'लोरुम'पासून आला आणि 'लोरुम' म्हणजे चामड्याची वादी. एवढे सांगून ते पुढच्या ओळीकडे वळले. रोमी लोकांची आरंभीची चिलखते चामड्याची होती, पुढे लोखंड आले तरी नाव जुनेच राहिले, हे त्याचे व्याकरणशुद्ध उत्तर. परंतु लोखंडाच्या वस्तूला शतकानुशतके लोक वादीचे नाव देत राहिले, ते केवळ सवयीने असेल काय, ही शंका माझ्या मनात राहून गेली. तिचे निरसन पुष्कळ वर्षांनी झाले, आणि तेही रोमकडून झाले नाही. ते तिबेटकडून झाले.

चिलखत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा परदेशी चित्रपटातला सरदार उभा राहतो. डोक्यापासून पायापर्यंत पोलादात बंद, तोंडावर जाळी, हाती भाला. युरोपातील हा प्रकार पंधराव्या शतकात भरास आला. आपल्या हवेत आणि आपल्या डोंगरांत तो कोणाला परवडला नसता. आपल्याकडचे चिलखत निराळे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफजलखानाच्या भेटीस गेले, तेव्हा त्यांच्या अंगरख्याच्या आत चिलखत होते आणि मंदिलाखाली लोखंडी टोप होता, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. खानाने केलेला वार त्या चिलखतावरून खरखरत गेला, हेही त्याला पाठ असते. मात्र ते चिलखत अंगरख्याखाली लपले कसे, समोरच्या माणसाला मिठी मारेपर्यंत ते कळले कसे नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. याचे उत्तर त्याच्या घडणीत आहे. ते चिलखत म्हणजे लोखंडाचे कापड असते. अंगावर घातले की ते खांद्यावरून ओघळते, कुशीत दुमडते, आणि गुंडाळून ठेवले तर पोत्यासारखे कोपऱ्यात पडून राहते.

हे कापड विणण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. लोखंडाची तार एका सळईभोवती घट्ट गुंडाळायची आणि मग ते वेटोळे छिन्नीने उभे कापायचे, की एकेक कडी सुटी होते. कडीची दोन्ही टोके ठोकून चपटी करायची, त्यांत बारीक भोक पाडायचे, ती कडी शेजारच्या चार कड्यांत ओवायची आणि मग त्या भोकातून इवलासा खिळा मारून तिचे तोंड कायमचे बंद करायचे. अशा हजारो कड्या झाल्या म्हणजे एक सदरा होतो. काम हलके करायचे असेल, तर खिळा मारण्याचा खटाटोप टाळून कडीची टोके नुसतीच एकमेकांना भिडवून सोडत. उत्तरकाळातील पुष्कळ हिंदी चिलखते अशीच आहेत. दिसायला दोन्ही सारखीच. पण जोराचा वार बसला की बिनखिळ्याची कडी तोंड उघडते. एक कडी उघडली की तिच्यात अडकलेल्या चौघींचा आधार सुटतो.

कड्यांच्या चिलखताला एक जातिवंत उणीव आहे. ते धार अडवते, टोक अडवत नाही. तलवारीचा वार त्यावरून घसरतो, परंतु बाणाचे अणकुचीदार टोक किंवा अरुंद पात्याची कट्यार कडीच्या पोटातून वाट काढू शकते. शिवाय कापड लोखंडाचे झाले तरी ते कापडच. वार त्यातून आत शिरला नाही तरी त्याचा दणका हाडापर्यंत पोहोचतो. म्हणून आत कापूस भरून टाचलेला जाड अंगरखा घालीत, आणि ऐपत असेल तो वरून चार पोलादी पत्रे बांधी: एक छातीवर, एक पाठीवर, दोन काखांखाली. याला 'चारआईना' म्हणत, म्हणजे चार आरसे. घासून लखलखीत केलेले पत्रे उन्हात खरोखरच आरशासारखे दिसत असले पाहिजेत. हे चारही आरसे एकमेकांना जोडलेले असत ते वाद्यांनी.

आपल्यापैकी कोणाला हे पाहायचे असेल, तर फार लांब जायला नको. नवी मुंबईतून हार्बरची लोकल पकडून शेवटच्या स्थानकावर उतरावे आणि काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. तेथील शस्त्रदालनात अकबर बादशहाचे १५८१ सालचे पोलादी उरस्त्राण आणि ढाल आहे. उरस्त्राणावर धर्मवचने कोरलेली आहेत. आपल्या वाचकांना या सालाचे एक अधिक अगत्य वाटावे. गोव्याहून निघालेले येशूसंघीय धर्मगुरू १५८० साली अकबराच्या दरबारी पोहोचले होते. त्यांपैकी फादर मोन्सेरात हे १५८१ सालच्या काबूलच्या स्वारीत बादशहाबरोबर होते आणि राजपुत्र मुरादला शिकवीत होते. त्यांचे प्रमुख फादर रुदोल्फ आक्वाविवा दरबारातून परतल्यावर १५८३ साली गोव्यातील कुंकळ्ळी येथे मारले गेले. चिलखते घातलेल्या माणसांच्या मेळ्यात बिनचिलखताचा माणूस कसा वावरतो, याचा हा एक नमुना. अशा दुसऱ्या एका माणसाविषयी मला पुढे लिहायचे आहे.

आता तिबेट. तिबेटी घोडेस्वारही कड्यांचा सदरा घालीत आणि वर चार पत्रे बांधीत. त्या पत्र्यांना त्यांच्या भाषेतही 'चार आरसे' असेच म्हणतात. इराणपासून ल्हासापर्यंत एकच वस्तू एकाच नावाने हिंडली, हे पाहून मौज वाटते. पण तिबेटचे खरे वैशिष्ट्य ते नव्हे. जगात अन्यत्र जवळजवळ नाहीसा झालेला चिलखताचा एक फार पुरातन प्रकार तेथे टिकून राहिला. तो प्रकार पट्ट्यांचा आहे.

बोटाएवढ्या लांब, अरुंद लोखंडी पट्ट्या घ्यायच्या. प्रत्येक पट्टीला कडेने आणि मधोमध ठरावीक जागी दहा-बारा भोके पाडायची. एक पट्टी दुसरीवर किंचित चढवून कच्च्या चामड्याच्या वादीने त्या शेजारीशेजारी ओवायच्या. अशी एक आडवी ओळ तयार होते. मग ओळीला ओळ, पुन्हा वादीनेच, वरखाली जोडत जायचे. शेवटी बिनबाह्यांचा, समोरून उघडणारा, मांड्यांपर्यंत येणारा डगला होतो. त्यात शेकडो पट्ट्या असतात, आणि त्यांच्यापाठी अस्तर नसते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट हीच.

खवल्यांचे चिलखत नावाचा प्रकार निराळा. त्यात पत्र्याचे खवले कापडावर किंवा कातड्यावर शिवतात, आणि मंगलोरी कौलांप्रमाणे वरची ओळ खालच्या ओळीवर येते. आपल्या कोकणात खवलेमांजर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ते वेगळे समजावून सांगायला नको. बायबलमधील गल्याथ हा पलिष्टी वीर असेच चिलखत घालून आला होता. त्याच्या वर्णनात जो हिब्रू शब्द आहे तोच लेवीयच्या पुस्तकात माशाच्या खवल्यांसाठी येतो. त्याचे वजन पाच हजार शेकेल सांगितले आहे, म्हणजे आजच्या हिशेबाने पंचावन्न किलोंच्या आसपास. अशा चिलखतात खवले अस्तराला धरून असतात, एकमेकांशी त्यांचे काही देणेघेणे नसते. एक खवला तुटला तर शेजाऱ्याला पत्ता लागत नाही.

तिबेटी डगल्यात प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीला बांधलेली असते, आणि सगळा डोलारा त्या बांधण्यावर उभा असतो. वादी काढून टाकली तर डगला म्हणून काहीच उरत नाही, जमिनीवर लोखंडाच्या पट्ट्यांचा ढीग तेवढा पडेल. येथे ओळीही उलट्या असतात: खालची ओळ वरच्या ओळीच्या कडेवर बाहेरून बसते. वाद्या किंचित सैल राखलेल्या असतात, त्यामुळे स्वार खोगिरावर बसला की ओळी एकमेकींवर सरकून डगला आखूड होतो, उभा राहिला की पुन्हा खाली उतरतो. एखादी पट्टी निकामी झाली तर तेवढी सोडवून दुसरी ओवता येते. वादी कुजली तर नवी घालता येते. लोहार एकदाच लागतो. आरी चालविणारा हात मात्र पुनःपुन्हा लागतो. ज्याने लहानपणी सुंभाची बाज विणताना पाहिली असेल, त्याला हे चटकन कळेल. बाजेची चौकट सुताराची. पण माणूस निजतो तो सुंभावर.

'लोरिका' हे नाव सार्थ का, ते मला या डगल्याची छायाचित्रे पाहताना कळले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २००६ साली तिबेटी शस्त्रास्त्रांचे एक मोठे प्रदर्शन भरविले होते आणि त्यानिमित्ताने डोनाल्ड लारोका यांनी एक विस्तृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील चित्रांत पट्ट्यांची भोके आणि त्यांतून जाणारी वादी इतकी स्वच्छ दिसते, की पाहणाऱ्याचे लक्ष लोखंडावरून उडून जाते.

एवढी जुनी आयुधे टिकली कशी? अन्यत्र बंदुका आल्या आणि चिलखते भट्टीत गेली. तिबेटात ती दोन कारणांनी वाचली. एक, ल्हासा येथे वर्षारंभी होणाऱ्या महाप्रार्थना उत्सवात जुन्या थाटाचे घोडेस्वार चिलखते घालून मिरवत, आणि ही चाल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. दुसरे, मठांमध्ये धर्मरक्षक देवतांची जी अंधारी देवघरे असतात, तेथे जुनी शस्त्रे व चिलखते अर्पण करून टांगून ठेवीत. यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर आपल्या देवळांवरच्या घंटा महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात १७२१ सालची घंटा आहे, भीमाशंकरला क्रूस आणि १७२९ हे साल असलेली. युद्धातील वस्तू देवापुढे टांगली की ती वितळविण्याचे धैर्य कोणाला होत नाही. त्या घंटा चर्चमध्येच राहिल्या असत्या तर आजवर टिकल्या असत्या की नाही, कोण जाणे! असो.

युरोपातील संग्रहालयांत जी तिबेटी चिलखते आहेत, त्यांपैकी पुष्कळशी १९०३-०४ सालच्या यंगहजबंडच्या स्वारीनंतर तिकडे गेली. ३१ मार्च १९०४ रोजी गुरू नावाच्या गावाजवळ इंग्रजांच्या फौजेने तिबेटी सैनिकांवर मॅक्सिम तोफा चालविल्या आणि थोड्या वेळात सहाशेहून अधिक माणसे पडली. गोळ्या झाडणाऱ्यांत आपले हिंदी शिपाईही होते. तिबेटी लोकांपाशी तोड्याच्या बंदुका आणि तलवारी होत्या, आणि गळ्यात मंत्राच्या चिठ्ठ्या घातलेल्या धातूच्या पेट्या होत्या. या पेट्यांमुळे गोळी लागत नाही, असा त्यांचा विश्वास होता. इंग्रज लेखकांनी पुढे त्याची चेष्टा केली. मला ती चेष्टा वाचवत नाही. आपल्या आयाबहिणींच्या गळ्यात कार्मेल मातेचा स्कॅप्युलर असतो, रिक्षात पुढच्या काचेशी जपमाळ लटकत असते, आणि नवी मोटार घेतली की तिच्यावर पवित्र पाणी शिंपडण्यासाठी मला बोलावणे येते. मी आनंदाने जातो. पण ती माळ म्हणजे चिलखत आहे असे समजून कोणी वेगाने गाडी हाकू लागला, तर त्या बिचाऱ्या तिबेटी शिपायांत आणि त्याच्यात फरक कोणता?

दृढीकरणाच्या वर्गात इफिसकरांस पत्रातला हा अध्याय मी दरवर्षी घेतो. एकदा एका मुलाने सरळ विचारले, "फादर, देवाचे चिलखत घातल्यावर गोळी लागते का?" वर्ग हसला. मी म्हणालो, "लागते." मग मी त्यांना सांगितले, की ज्याने हे लिहिले तो बंदिवान होता, त्याला राखण्यासाठी रोमी शिपाई नेमलेला असे, आणि ख्रिस्तसभेच्या परंपरेप्रमाणे त्याचा शेवट तलवारीने झाला. मुले गप्प झाली. पालकांपैकी एकदोघांना हे उत्तर फार कडक वाटले, तसे त्यांनी नंतर बोलूनही दाखविले. परंतु चौदा वर्षांच्या मुलाला खोटे चिलखत देण्यापेक्षा हे बरे, असे मला आजही वाटते.

पौलाच्या त्या यादीचा क्रम पाहण्यासारखा आहे. तो उरस्त्राणापासून सुरुवात करीत नाही, शिरस्त्राणापासूनही नाही. आधी कंबरपट्टा येतो, आणि तो सत्याचा. ज्याने बांधायचे, ते पहिले. जे बांधले जाणार, ते मागून. पौल स्वतः राहुट्या शिवण्याचा धंदा करी, हे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. सुई, दोरा, आरी यांची सवय त्याच्या हातांना होती. तुरुंगात पहाऱ्यावरच्या शिपायाच्या अंगावरील पट्टे आणि वाद्या तो किती बारकाईने न्याहाळत असेल, याची कल्पना करायला मला आवडते. लोहाराने लिहिले असते तर ती यादी ढालीपासून सुरू झाली असती.

आता ज्या माणसाविषयी लिहायचे म्हटले होते, त्याच्याकडे वळतो. मानसरोवराच्या पश्चिमेला, सतलजच्या खोऱ्यात, त्सापरांग नावाचा एक उजाड डोंगर आहे. सगळा डोंगर गुहांनी पोखरलेला, माथ्यावर राजवाड्याचे अवशेष. ही गुगे राज्याची राजधानी होती. १९८५ साली चिनी पुरातत्त्वज्ञांनी या अवशेषांची पद्धतशीर पाहणी केली, तेव्हा त्यांना तेथे बाण, ढाली आणि लोखंडी व कातडी चिलखतांचे अवशेष सापडले. पट्ट्या सुट्या झालेल्या, वाद्या तुटलेल्या.

या राजधानीत एके काळी एक चर्च होते, आणि ते गोव्याच्या प्रांताखाली होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल?

फादर आंतोनियो द आंद्रादे हे पोर्तुगालमधील ओलेरोसचे. जन्म १५८०, गोव्यात आगमन १६००. पुढे ते मोगल मिशनचे प्रमुख म्हणून आग्र्यास होते. ३० मार्च १६२४ रोजी ते ब्रदर मानुएल मार्केस यांच्यासह आग्र्याहून निघाले आणि हिंदू यात्रेकरूंच्या वेषात बद्रीनाथला जाणाऱ्या यात्रेत मिसळले. तेथून माणा खिंडीतून, अठरा हजार फुटांच्या बर्फातून, हिमदंशाने सुन्न झालेल्या पायांनी आणि बर्फाच्या चकाकीने अंध झालेल्या डोळ्यांनी ते ऑगस्टमध्ये त्सापरांगला पोहोचले. राजाने त्यांचे स्वागत केले. पुढच्या वर्षी ते परत आले, आणि १२ एप्रिल १६२६ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, तेथे चर्चची पायाभरणी झाली. राजा त्यांच्यावर इतका प्रसन्न होता, की चर्चसाठी जागा हवी म्हणून काही घरे पाडण्यात आली.

आमच्या मिशनकथांत ही कहाणी बहुधा येथेच थांबते. पुढचा भाग सांगण्यासारखा आहे, म्हणून सांगतो. राजाचा सख्खा भाऊ तेथील प्रमुख लामा होता. दोघा भावांत वितुष्ट होते. लामांचे वाढते बळ राजाला सलत होते, आणि परदेशी धर्मगुरूंच्या रूपाने त्याला लामांविरुद्ध एक आधार मिळाला. त्याने लामांची संख्या आणि उत्पन्न कमी करण्यास आरंभ केला. आपल्या धर्मगुरूंना ही प्रभूची कृपा वाटली. त्यांच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही. माणा खिंड ओलांडणाऱ्या माणसांना नावे ठेवण्याचा अधिकार हार्बर लोकलने फिरणाऱ्या मला तर मुळीच नाही. परंतु आपण राजाच्या जवळ जात आहोत याचाच अर्थ राजाच्या माणसांपासून राजा दूर जात आहे, हे त्यांना दिसायला हवे होते. १६३० साली आंद्रादे गोव्याचे प्रांताधिकारी म्हणून खाली आलेले होते आणि राजा आजारी होता. लामांनी उठाव केला आणि लडाखच्या राजाला बोलावले. गड बेलाग होता, आत पाण्याला जाणारा भुयारी मार्ग होता, कोठारांत चिलखते होती. तरीही राजा लडाखच्या हाती लागला आणि त्याला बंदी करून लेहला नेण्यात आले. नवख्रिस्ती झालेल्या पुष्कळांनाही पकडून नेले. चर्च लुटले गेले.

राजांच्या पहिल्या पुस्तकात अहाब राजाच्या मृत्यूची हकिकत आहे. तो वेष पालटून लढाईत उतरला होता. कोणा एकाने सहज धनुष्य ओढले, आणि बाण नेमका त्याच्या चिलखताच्या सांध्यात शिरला. त्सापरांगलाही तसेच घडले. पट्टी फुटली नाही, भावाभावांतली वादी तुटली होती. आणि ती तुटण्यास आपल्या लोकांचा हातभार लागला होता. १६३१ साली फादर फ्रान्सिस्को द अझेवेदो पाहणीसाठी तेथे गेले आणि लेहपर्यंत जाऊन त्यांनी लडाखच्या राजाकडून मिशन चालू ठेवण्याची परवानगीही मिळविली. पण चारपाच वर्षांत ते मिशन बंद पडले.

हे मी येथे का लिहितो, ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. नवी मुंबईतील आपले धर्मग्राम नवे आहेत. वसईची, गोव्याची, मंगळूरची, केरळची, तामिळनाडूची कुटुंबे नोकरीधंद्यासाठी येथे आली आणि सिडकोच्या वसाहतींत शेजारीशेजारी राहू लागली. शाळेच्या सभागृहात मिस्सा करून, पतरी पतरी जोडून, आपण धर्मग्राम उभे केले. सण आला की उत्सव समितीची बैठक होते, आणि हल्ली तिचा निम्मा वेळ एकाच चर्चेत जातो: व्यासपीठावर कोणाला बसवायचे. कोणता नगरसेवक, कोणता आमदार, कोणाला आधी हार, कोणाला मागून. "फादर, उद्या काही प्रसंग आला तर हीच माणसे उपयोगी पडतील," असे मला समजावतात. समजावणारे भले लोक आहेत, आणि अलीकडच्या काळात त्यांना वाटणारी भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्याच बैठकीत मी विचारले, की चर्चच्या भिंतीपलीकडच्या गावठाणातील आगरी-कोळी घरांना सणाचे आमंत्रण कोणी दिले आहे, तर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आपण येण्याआधी ही जमीन त्यांची होती. आपल्या घंटेने पहाटे त्यांची झोप मोडते. मंत्र्यांच्या शेजारची खुर्ची हे चारआईन्याचे काम. चकाकते छान, लांबून दिसतेही. पण ती बांधायची कशाला? शेवटी दोघे तरुण उठले आणि म्हणाले, आम्ही जातो. त्या वर्षी गावठाणातून पंचवीस-तीस माणसे आली. एका आजीने ताटभर तांदळाच्या भाकऱ्या आणल्या. यापलीकडे काही झाले नाही, आणि मी त्याचा डांगोराही पिटणार नाही.

आंद्रादे यांना गोव्यात आल्यावरही तिबेट सोडवेना. प्रांताधिकारीपदाची मुदत संपल्यावर ते पुन्हा तिकडे जाण्याच्या तयारीत होते. १९ मार्च १६३४ रोजी, संत योसेफाच्या सणाच्या दिवशी, गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात विषप्रयोगाने त्यांचा मृत्यू झाला. त्या कॉलेजची एक कमान तेवढी आज जुन्या गोव्यात उभी आहे. बसमधून जाताना ती चटकन मागे पडते.

त्यांच्याबरोबर पहिल्या प्रवासाला गेलेले ब्रदर मार्केस मात्र त्यांच्यापेक्षा जास्त वेळा ती खिंड चढले. ते धर्मगुरू नव्हते. वाट दाखविणे, सामान वाहणे, भाषा समजावणे ही त्यांची कामे. इतिहासग्रंथांतही त्यांचे नाव दुसऱ्या कोणाच्या तरी नावाला जोडूनच येते. १६४० साली मिशन पुन्हा सुरू करता येईल का, हे पाहण्यासाठी ते फादर मालपिकी यांच्यासह निघाले. सीमेवर दोघेही पकडले गेले. फादर निसटले, ब्रदर मागे राहिले. १६४१ साली त्यांचे एक पत्र आग्र्यास पोहोचले. आपले फार हाल होत आहेत आणि सुटकेसाठी काही करता आले तर करावे, असे त्यात होते. त्यानंतर त्यांच्याकडून काही आले नाही.